पेटीतले घड्याळ



लगीनसराई आली की घराघरातल्या जुन्या पेट्या उघडतात. तळाशी ठेवलेला शालू वर येतो, अंगठी उजळायला सोनाराकडे जाते आणि रुमालात गुंडाळलेले एखादे घड्याळही बाहेर येते. आपल्याकडे घड्याळाचा मान मोठा. एके काळी नवरदेवाच्या मागण्यांत सायकल, ट्रान्झिस्टर आणि मनगटी घड्याळ ही तीन नावे ठरलेली असत. एचएमटीचे घड्याळ बांधलेला जावई मांडवात डावा हात जरा पुढे करूनच बसायचा. आता वेळ मोबाईलवर दिसते. एचएमटीचा घड्याळांचा धंदाही सरकारने २०१६ साली गुंडाळायचे ठरवले. तरी पेटीतले घड्याळ कुणी टाकून देत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतल्या आप्पांकडे असेच एक घड्याळ निघाले. पुतण्याचे लग्न ठरले होते आणि लग्नानंतर दोनच महिन्यांनी त्याला आखातात तेलाच्या कामावर जायचे होते. आप्पांनीही उमेदीची बारा वर्षे तिकडेच काढली. घड्याळ पांढऱ्या तबकडीचे, स्टीलच्या पट्ट्याचे. तबकडीवर बाराच्या आकड्याखाली कंपनीची खूण : एक लोखंडी मनोरा आणि त्याभोवती इंग्रजी अक्षरे. घड्याळ बंद पडलेले, पण काचेवर एक ओरखडा नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, हे मला द्या. तिकडे गेल्यावर बांधीन. तुमची आठवण राहील."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, मागं काय लिहिलंय ते वाचून दाखवा ह्याला."

मी चष्मा लावून वाचले. रिगचा नंबर होता, साल होते आणि खाली एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की ह्या रिगवर पूर्ण एक वर्ष काम बुडवणारा एकही अपघात झाला नाही.

आप्पांनी डावा हात पुढे केला. करंगळी मधल्या पेरापासून वाकडी, कायमची. म्हणाले, "हे बोट त्याच वर्षातलं आहे."

वाचकहो, त्या एका वाक्यावरून आज मी तुमच्याशी बोलणार आहे. आपल्या कितीतरी घरांतला मुलगा, जावई नाहीतर भाऊ आखातात आहे. तो परत येताना काय आणतो हे आपण हौसेने पाहतो. त्या वस्तूच्या मागे काय लिहिले आहे, तेही कधीतरी वाचायला हवे.

आधी अशी घड्याळे कुठून आली ते पाहू. नोकरीत वर्षे भरली की कामगाराला घड्याळ द्यायचे, ही पाश्चात्त्य देशांतली जुनी रीत. तेलाच्या कंपन्यांनीही ती उचलली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले. पिंपामागे सुमारे तीन डॉलरवर असलेला भाव १९७४ च्या सुरुवातीला बाराच्या घरात गेला. आखातात पैसा आला, जिकडे तिकडे विहिरी खोदायचे काम निघाले आणि आपल्याकडचे हजारो हात तिकडे गेले. योगायोग असा, की त्याच सुमारास घड्याळ स्वस्त होत होते. जपानच्या सैको कंपनीने १९६९ च्या डिसेंबरात सेलवर चालणारे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. ते मोटारगाडीच्या किमतीचे होते, पण पुढच्या दहापंधरा वर्षांत अशी घड्याळे इतकी स्वस्त झाली की रिगवरच्या साऱ्या माणसांना एकेक वाटणे कंपनीला जड जाईना. तबकडीवर आपली खूण छापून घ्यायची आणि मागे मजकूर कोरून घ्यायचा. बक्षीसही झाले, जाहिरातही झाली.

अशा खुणेची सगळीच घड्याळे बक्षिसाची नसत. फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात कोमेक्स नावाची पाणबुड्यांची कंपनी होती. समुद्राच्या तळाशी तेलाच्या विहिरींची आणि नळांची कामे तिचे पाणबुडे करत. ही माणसे दिवसेंदिवस दाबाच्या बंद खोलीत राहत आणि हेलियम मिसळलेली हवा घेत. हेलियम इतका बारीक, की बंद घड्याळातही शिरे. पुढे दाब कमी करू लागले की आत अडकलेला वायू काच उडवून बाहेर पडे. म्हणून रोलेक्स कंपनीने कडेला एक छोटी झडप बसवली, वायू हळूच बाहेर जावा म्हणून. कोमेक्सचे नाव छापलेली ती घड्याळे पाणबुड्यांना कामासाठी मिळत. आज शौकीन लोक त्यांना मोठी किंमत मोजतात. पण ते होते हत्यार, आपल्या विळ्याकोयत्यासारखे. आप्पांचे घड्याळ तसे नव्हे. त्यांचे घड्याळ रिगवर चालतच नव्हते.

मी विचारले, "म्हणजे काय?"

"अहो, फ्लोअरवर घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी, सगळं बंद. अंगठी कुठं अडकली तर बोटासकट जाते. घड्याळ मिळालं ते खोलीत ठेवायला आणि सुट्टीला घरी येताना बांधायला."

तेलाची विहीर खोदणे म्हणजे काय, हे आपल्याला बोअरच्या गाडीवरून थोडे कळेल. पण बोअर दोनतीनशे फुटांचा आणि ही विहीर हजारो फुटांची. लोखंडी नळीच्या टोकाला दातांचा बिट लावतात आणि नळी फिरवत खाली घालतात. एकेक नळी साधारण तीस फूट लांब. नळीतून चिखलासारखा गाळा खाली सोडतात. त्याला तिकडे मडच म्हणतात. तो बिटला थंड ठेवतो, कापलेला दगड वर आणतो आणि आपल्या वजनाने खालचा तेल-वायू दाबून धरतो. बिट झिजला की सगळ्या नळ्या वर काढायच्या, बिट बदलायचा आणि पुन्हा सगळ्या खाली सोडायच्या. एकेका पाळीत किती वेळा नळी जोडायची आणि सोडवायची, त्याला गणती नाही. पाळी बारा तासांची. वर वाळवंटातले ऊन, खाली मडाने निसरडी झालेली लोखंडी फरशी. त्या काळी नळी पिळून घट्ट करायला तिच्याभोवती साखळी फेकत आणि यंत्राने ती ओढत. ह्या साखळीने जगभरातल्या किती कामगारांची बोटे नेली असतील! पुढे साखळीची जागा यांत्रिक पान्ह्यांनी घेतली. माणसाचा हात नळीपासून दूर गेला, तेव्हा बोटे वाचू लागली.

अशा कामावर अपघात होऊ नयेत असे कुणाला वाटणार नाही? म्हणून रिगच्या दारात एक फळा असतो. त्यावर रोजचा आकडा लिहितात : काम बुडवणारा शेवटचा अपघात होऊन इतके दिवस झाले. काम बुडवणारा म्हणजे असा, की दुखावलेला माणूस पुढच्या पाळीला कामावर येऊ शकला नाही. आकडा शंभर झाला की गोडाधोडाचे जेवण. दोनशे झाला की टोपी नाहीतर जाकीट. वर्ष पुरे झाले की सगळ्यांना घड्याळ. मध्ये कुणी जायबंदी झाला तर आकडा पुसायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात.

आप्पा सांगत होते. "गुरुजी, पहिल्या सहा महिन्यांत ह्या फळ्याचा फायदाच झाला. पोरं एकमेकांना सांभाळायची. कुणी टोपी न घालता आला तर बाकीचे ओरडायचे, 'अरे, आमचं घड्याळ घालवशील!' पण अकरावा महिना लागला आणि माझं बोट नळी आणि पान्ह्याच्या मध्ये आलं."

"मग?"

"मग काय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी काही बोललं नाही, पण नजरेत दिसत होतं. चाळीस-पन्नास माणसांची घड्याळं माझ्या एका बोटावर लटकली होती. रिगवरच्या कंपाउंडरनं पट्टी बांधली. साहेब म्हणाला, इस्पितळात गेलास तर दोन दिवस मोडतील, फळा पुसावा लागेल. त्यापेक्षा उद्या ऑफिसात बस, कागद लाव. हजेरी लागेल, पगार बुडणार नाही. मी बसलो. आठ दिवस एका हातानं कागद लावले. हाड सरकलं होतं ते तसंच जुळलं. महिन्यानं घड्याळ मिळालं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या."

तुमच्या आप्पांनी तेव्हाच ठणकावून का सांगितले नाही, असे कुणी म्हणेल. घरी बहिणीचे लग्न होते, विहिरीचे कर्ज होते आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. शिवाय साहेबाने दमदाटी केली नव्हती. गोडच बोलला होता. धमकीला माणूस एखादे वेळी उलटून बोलेल. पण आपल्याच सोबत्यांचे बक्षीस आपल्यामुळे जाते आहे म्हटल्यावर त्याचे तोंड आपोआप मिटते.

वाचकहो, हा दोष एका साहेबाचा किंवा एका कंपनीचा म्हणून सोडून देता येत नाही. खोट त्या मोजण्यातच आहे. अपघात न होण्याला बक्षीस ठेवले, की अपघात न सांगण्यालाही तेच बक्षीस मिळते. फळ्यावर दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. गाय आजारी पडली तर गुराख्याचा पगार कापायचा असे ठरवले, तर गाय आजारी पडायची थांबत नाही. गुराखी सांगायचा थांबतो, आणि आपल्याला कळते तेव्हा गाय गेलेली असते.

ह्याचा सर्वांत कडू दाखला अमेरिकेतला आहे. मेक्सिकोच्या आखातात, लुइझियानाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात, डीपवॉटर होरायझन नावाचा तरंगता रिग एक विहीर खोदत होता. विहीर बीपी कंपनीची, रिग ट्रान्सओशन कंपनीचा. ह्या रिगवर सात वर्षांत काम बुडवणारा एकही अपघात झाला नव्हता. त्याचे कौतुक करायला दोन्ही कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी २० एप्रिल २०१० रोजी रिगवर आले होते. त्याच दिवशी विहिरीची एक महत्त्वाची तपासणी चालू होती. तळाचा वायू नीट कोंडला गेला आहे की नाही, हे दाबावरून पाहायचे होते. काटे काहीतरी वेगळेच सांगत होते. पण त्याचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि तपासणी पास झाली असे धरले. रात्री पावणेदहाच्या सुमारास वायू वर आला आणि रिगने पेट घेतला. १२६ माणसांपैकी ११ गेली. दोन दिवसांनी रिग बुडाला. विहीर बंद व्हायला ८७ दिवस लागले आणि तोवर समुद्रात तेल वाहत राहिले.

सात वर्षांचा तो आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. पण त्यात मोजली होती ती घसरलेली पावले आणि चेमटलेली बोटे. विहिरीच्या पोटात काय शिजते आहे, हे त्या आकड्यात कुठेच नव्हते. घराचा उंबरा रोज पुसला म्हणजे आढ्याची वाळवी जात नाही.

पुढची गोष्ट ऐकून तर कपाळावर हात माराल. २०११ साली ट्रान्सओशन कंपनीने आपल्या भागधारकांना कळवले, की सुरक्षिततेच्या दृष्टीने २०१० हे कंपनीच्या इतिहासातले सर्वांत चांगले वर्ष ठरले. सांख्यिकी तशीच येत होती! वरिष्ठांना सुरक्षिततेचा बोनसही ठरला. लोकांत फार गहजब झाला, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी ती रक्कम मृतांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला देऊन टाकली. आकड्याच्या नादी लागलेला माणूस अकरा प्रेतांपुढेही बेरीज करत बसतो, ती ही अशी.

सरकारी पातळीवर मात्र ही गोष्ट हळूहळू ध्यानात आली. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने १२ मार्च २०१२ रोजी एक पत्रक काढले. कुणाला इजा झाली नाही तर सगळ्या तुकडीला बक्षीस, अशा योजनेमुळे कामगार आपली इजा लपवत असतील तर ते कायद्याविरुद्ध ठरू शकते, असे त्यात बजावले. त्यापेक्षा धोका दाखवून देणाऱ्याला, सूचना करणाऱ्याला, प्रशिक्षण घेणाऱ्याला बक्षीस द्या, असा त्याचा रोख होता. म्हणजे गप्प राहिल्याचे नव्हे, बोलल्याचे घड्याळ द्या.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, हे सातासमुद्रापलीकडचे आम्हाला कशाला? तर जरा आपल्या खळ्यावर या. मळणी यंत्रात हात गेलेला माणूस प्रत्येक पंचक्रोशीत एखादा तरी सापडतो. आपल्या देशात ह्या अपघातांमुळेच धोकादायक यंत्रांसाठी १९८३ साली खास कायदा करावा लागला. कणसे आत लोटायचे पन्हाळे निदान ९० सेंटिमीटर लांब असावे, म्हणजे हात फिरत्या दात्यांपर्यंत पोचत नाही, असे मानक आहे. तरी कितीजण ते पन्हाळे अडचण होते म्हणून आखूड करून घेतात! आणि मजुराचे बोट गेले की आपणही म्हणतो, "वाच्यता नको, दवाखान्याचं मी बघतो." आपल्या दारात फळा नाही, एवढाच काय तो फरक. कडबाकुट्टीवर बसणाऱ्या बायकांनी बांगड्या मागे सारून पदर घट्ट खोचावा आणि गड्याने घड्याळ काढून खुंटीला लावावे, ही आप्पांच्या रिगवरची शिस्त आपल्यालाही हवी.

शेवटी, ज्यांच्या घरचे कुणी बाहेर जाणार आहे त्यांच्यासाठी चार शब्द. नोंदणी असलेल्या एजंटाकडूनच जा. सरकारच्या ई-मायग्रेट यादीत त्याचे नाव आहे की नाही ते गावातल्या शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्या. दहावी न झालेल्या कामगाराला आखातात जाण्याआधी परवानगी लागते आणि त्याच्यासाठी प्रवासी भारतीय विमा काढणे सक्तीचे आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर त्यात दहा लाखांपर्यंत भरपाई आहे. हप्ता काहीशे रुपयांचा. पण भरपाई मागायची तर अपघात कागदावर आलेला हवा. लपवलेल्या बोटाला विमा नाही. म्हणून मुलाला डब्यात लाडू देताना हेही सांगा : लागले तर त्याच दिवशी लिहून घे, कागदाची प्रत माग, फोटो काढून घरी पाठव. सोबती दोन दिवस रागावतील. हात जन्मभर आपला आहे.

आणि घरच्यांनीही एक पाळावे. फोनवर नेहमी "पैसे कधी पाठवतोस" हेच पहिले विचारू नये. आप्पा म्हणाले, "मी घरी बोटाचं कळवलं नाही, कारण पत्रात कुणी हाताची चौकशीच केली नव्हती." हे ऐकताना काकू पदराने डोळे पुसत होत्या. तीस-पस्तीस वर्षे त्या एवढेच समजून होत्या, की बोट लहानपणी झाडावरून पडून मोडले.

पुतण्याला आप्पांनी घड्याळ दिले का, हे तुम्ही विचारणारच. दिले. तालुक्याला नेऊन नवा सेल घातला, घड्याळ चालू झाले. पण हातात देताना आप्पांनी ते उलटे धरले, मागची ओळ वर करून. म्हणाले, "लग्नात बांध, मिरव. तिकडं फ्लोअरवर चढताना काढून ठेव. आणि कुणी सगळ्यांच्या घड्याळासाठी गप्प बस म्हणाला, तर माझी करंगळी आठव."

पोरगा पाया पडला. काकूंनी आप्पांचा डावा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

तुमच्याही घरच्या पेटीत असे एखादे घड्याळ असेल. ह्या लगीनसराईत ते बाहेर निघाले, तर नुसती काच पुसून परत ठेवू नका. ज्याचे आहे त्याला जवळ बसवा आणि विचारा, हे कसे मिळाले. तो सांगू लागला तर मध्ये बोलू नका.

बरे आहे मंडळी. पुढच्या आठवड्यात भेटूच.